मधुमेह नसलेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरही डाग सापडतात, मग फंडस फोटोसाठी बोलवायचं कोणाला?

पर्वतीपायथा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात साधारण ३०० सभासद आहेत, जवळजवळ सगळे साठीच्या पुढचे. संघातर्फे एका रविवारी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठेवतो आहोत. बाहुली मोठी न करता पडद्याचा फोटो काढणारा टेबलावरचा एक फंडस कॅमेरा आणि तो चालवणारा ऑप्टोमेट्रिस्ट (नेत्रतपासनीस) सकाळी ८ ते १ मिळणार आहे. फोटो नंतर रेटिनाचे डॉक्टर वाचतील.

कार्यकारिणीत दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, शुगर असलेल्यांनाच बोलवा. काहींचं म्हणणं, शुगर नसलेल्यांच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके निघतात, तेव्हा सगळ्यांचेच फोटो काढा.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांत पडद्याची खराबी नेमकी किती प्रमाणात आढळते? नसलेल्यांत ती आढळली तर तिचा अर्थ काय? आणि पाच तासांत हे बसवायचं कसं? सभासदांत १० वर्षांहून जुनी शुगर असलेले बरेच आहेत. आपल्याला शुगर आहे की नाही हे कधीच न तपासलेलेही आहेत.

मुळाकाठ

आधी मधुमेह असलेल्यांचे आकडे. जगभरातले ३५ अभ्यास एकत्र करून २०१२ साली निघालेलं प्रमाण ३४.६ टक्के होतं, म्हणजे तिघांत एकाला कोणत्या ना कोणत्या पायरीची रेटिनोपथी, पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची खराबी. २०२१ च्या आढाव्यात ते २२.३ टक्क्यांवर आलं. भारतातले आकडे याहूनही खाली आहेत. चेन्नईतल्या क्यूर्स अभ्यासात (२००५) १७.६ टक्के, केंद्र सरकारच्या २०१५ ते २०१९ च्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींत १६.९ टक्के आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट इंडिया अभ्यासात चाळिशीपुढच्यांत १२.५ टक्के. दृष्टीलाच धोका असलेली रेटिनोपथी शेवटच्या दोन्ही अभ्यासांत ४ टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्या कामासाठी हा ४ चा आकडा १२ किंवा १७ पेक्षा महत्त्वाचा.

आता मधुमेह नसलेले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावाच्या अभ्यासात अशा लोकांपैकी ७.८ टक्क्यांच्या पडद्यावर रेटिनोपथीच्या खुणा होत्या. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स अभ्यासात ९.९ टक्के. अमेरिकेतल्या मेसा या मोठ्या अभ्यासात १२.५ टक्के. हा शेवटचा आकडा आणि स्मार्ट इंडियाचा मधुमेहींचा आकडा अगदी सारखा दिसतो. त्यावरून ‘मधुमेह असो वा नसो, पडद्याला फरक पडत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तो साफ चुकीचा ठरेल. कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. या पाश्चात्त्य अभ्यासांत प्रत्येक डोळ्याचे एकाहून जास्त फोटो घेतले जात आणि प्रशिक्षित लोक एकेक ठिपका शोधत. एक लाल ठिपका सापडला की ती व्यक्ती मोजणीत आली. स्मार्ट इंडियात घरोघरी जाऊन, हातात धरायच्या कॅमेऱ्याने, बाहुली मोठी न करता फोटो घेतले होते. असा एकुलता बारीक ठिपका त्यात निसटू शकतो, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून ताडता येत नाहीत.

दुसरी अडचण ‘मधुमेह नाही’ हे कशावरून ठरवलं याची. नुसतं ‘मला शुगर नाही’ या उत्तरावर विसंबलं तर न सापडलेले मधुमेही त्या गटात शिरतात. म्हणून अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचा, म्हणजे डीपीपीचा, २००७ सालचा आकडा मला सर्वांत नेमका वाटतो. त्यात ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासत. साखर वाढलेली पण मधुमेहाच्या रेषेखाली राहिलेल्यांपैकी ७.९ टक्क्यांच्या पडद्यावर खुणा होत्या, आणि नुकतीच रेषा ओलांडलेल्यांपैकी १२.६ टक्क्यांच्या. पडद्याला मधुमेहाच्या निदानाची तारीख ठाऊक नसते.

तुमच्या संघापुरता हिशेब मांडू. ३०० पैकी ९० जणांना मधुमेह आहे असं धरा. १७ टक्क्यांनी साधारण १५ जणांच्या पडद्यावर खुणा निघतील, त्यात ३ ते ४ जणांच्या दृष्टीला धोका असेल. उरलेले २१० मधुमेह नसलेले, ८ टक्क्यांनी त्यांतही १६-१७ जण निघतील. नुसती डोकी मोजली तर दोन्ही गट बरोबरीत! पण या १६-१७ जणांत बहुतेकांचा एकदोन ठिपक्यांवर विषय संपतो. रक्तवाहिनी तुंबल्यामुळे पडद्यात रक्त पसरण्याचं जागतिक प्रमाण प्रौढांत हजारी सुमारे ५ आहे, म्हणजे २१० मध्ये एखादा. वय जास्त असल्याने तुमच्याकडे थोडं जास्त धरा.

पडदातज्ज्ञ

मुळाकाठ यांचा हिशेब बरोबर आहे. त्यात पायऱ्यांचा मुद्दा जोडतो, कारण ‘खराबी’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

मधुमेहात केशवाहिन्यांच्या भिंतीला आधार देणाऱ्या पेशी आधी मरतात. भिंत जिथे कमकुवत झाली तिथे बारीक फुगा येतो, तो मायक्रोॲन्युरिझम. फोटोत तो टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसतो. भिंत झिरपू लागली की रक्ताचे ठिपके, आणि चरबीयुक्त द्रव सुकून राहिला की पिवळट, कडक कडांचे डाग. एखादी बारीक धमनी बंद पडली की तिथला मज्जातंतूंचा थर सुजून कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा डाग दिसतो. मधुमेह नसलेल्यांत सापडणाऱ्या खुणा बहुधा इथवरच थांबतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पुढच्या तपासणीत नाहीशा झालेल्याही दिसतात.

मधुमेहात पडदा इथे थांबेलच असं नाही. चारही चतकोरांत भरपूर रक्तस्राव, दोन चतकोरांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या जाडबारीक, किंवा एका चतकोरात केशवाहिन्यांच्या वेड्यावाकड्या जोडवाटा, यांतलं एक जरी असलं तरी पायरी ‘तीव्र’ धरतात. अशा डोळ्यांपैकी सुमारे निम्म्यांत वर्षभरात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्या गळल्या की डोळ्याच्या पोकळीत रक्त साचतं, त्यांच्याबरोबरचं पापुद्र्यासारखं ऊतक आकसलं की पडदा ओढला जाऊन सुटतो.

काळाचा हिशेब महत्त्वाचा. विस्कॉन्सिनच्याच दुसऱ्या एका अभ्यासात २० वर्षांच्या मधुमेहानंतर टाइप १ च्या जवळजवळ सगळ्यांना आणि टाइप २ च्या सुमारे ६० टक्क्यांना रेटिनोपथी होती. ती आकडेवारी आजच्या उपचारांच्या आधीची आहे, पण दिशा तीच आहे. म्हणून ‘मधुमेह आहे का’ यापेक्षा ‘किती वर्षं आहे’ हा प्रश्न फॉर्मवर आधी घ्या. शेजारी विचारा: इन्सुलिन चालू आहे का, लघवीतून प्रथिनं जातात असं कधी सांगितलंय का, बीपी आहे का, गेल्या वर्षभरात बाहुली मोठी करून पडदा तपासला आहे का. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर पडदा बिघडलेला असण्याची शक्यता बरीच वाढते.

आणखी एक सांगतो, कारण शिबिरात यावर गैरसमज हमखास होतो. ‘मला स्पष्ट दिसतं, मग फोटो कशाला?’ मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मध्यबिंदू, जोवर कोरडा आहे तोवर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या डोळ्यालाही ६/६ दिसू शकतं. नजरेच्या तक्त्यावर पडद्याची तपासणी सोडून देता येत नाही.

बाहुली

ऑप्टोमेट्रीच्या बाजूने लिहिते. तुमचा निर्णय मुळात घड्याळच घेईल. दोन्ही डोळ्यांचे दोन-दोन फोटो, एक मॅक्युला मध्ये घेऊन आणि एक नेत्रतंतूची चकती मध्ये घेऊन, नाव नोंदवणं, बसवणं, हनुवटी-कपाळ टेकवणं, हे सगळं धरून ज्येष्ठांना माणशी ५ मिनिटं लागतात. ५ तासांची ३०० मिनिटं, म्हणजे ६० माणसं, तीही मध्ये चहा न घेता. तुमचे ९० मधुमेहीच एका रविवारात बसत नाहीत. तीनशे जणांचं नाव काढू नका.

खोली अंधारी हवी, नुसते पडदे ओढून भागत नाही. संघाच्या सभागृहाला काचेचं दार असेल तर काळा कागद लावा. बाहेर उन्हात बसलेल्या माणसाला थेट कॅमेऱ्यापुढे आणलं तर बाहुली टाचणीएवढी असते, म्हणून आतल्या अंधारात आधी ५ मिनिटं बसवा. तिथे एका वेळी तीनचार खुर्च्या. फ्लॅश पडला की बाहुली आकसते आणि दुसऱ्या डोळ्याचीही आकसते. मधुमेह जुना असेल तर ती मुळातच नीट मोठी होत नाही. म्हणून एका डोळ्याचे दोन फोटो झाले की दोनतीन मिनिटं थांबून दुसरा डोळा घ्या, तेवढ्यात पुढच्या माणसाची माहिती भरून होते.

फोटोत काय बिघडतं ते आधीच माहीत असलेलं बरं. कडेला राखाडी चंद्रकोर आली तर बाहुली लहान आहे किंवा कॅमेरा मध्यावर नाही. वरच्या बाजूला पांढरट सावली आली तर पापणी आडवी आली आहे, बोटाने अलगद उचला. सगळा फोटो धुरकट असेल तर मोतीबिंदू. आणि लागोपाठ चार माणसांच्या फोटोत त्याच जागी तोच पांढरा ठिपका दिसला तर तो भिंगावरच्या धुळीचा आहे. हा ठिपका वाचणाऱ्याला कापसाचा डाग वाटू शकतो आणि धडधाकट माणसाला चिठ्ठी मिळते. दर १५-२० माणसांनंतर भिंग फुंकणीने साफ करा आणि मायक्रोफायबरने पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात.

साठीपुढच्या लोकांत, बाहुली मोठी न करता, पाचात एका माणसाचा फोटो वाचण्याजोगा न येणं अगदी शक्य आहे. वाचता न आलेला फोटो म्हणजे ‘नॉर्मल’ नाही. अशा सभासदाला बाहुली मोठी करून तपासायला पाठवायचंच. मोतीबिंदूमुळे पडदा दिसत नाही असे मधुमेही यांतच असतात, आणि शस्त्रक्रियेनंतर मॅक्युलाची सूज वाढण्याचा धोका त्यांनाच जास्त.

शिबिरातच बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स टाकायचे ठरवलंत तर आधी टॉर्चने बाजूने प्रकाश टाकून डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ आहे का पाहा. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून डोळा दुखल्याचा इतिहास असेल, किंवा डोळ्याचा कोन अरुंद असल्याचं (काचबिंदूचा धोका) कुणी सांगितलं असेल, तर टाकू नका. बाकीच्यांना नुसतं ट्रॉपिकामाइड, १० मिनिटांच्या अंतराने दोनदा, आणि २० ते ३० मिनिटांचा थांबा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ड्रॉप्समध्ये त्यासोबत फेनिलेफ्रिन असतं. बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांना ते टाळलेलं बरं. नंतर ४ ते ६ तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. पुण्यात अर्धे सभासद स्कूटरवर येतील, तेव्हा निमंत्रणातच ठळक लिहा: स्वतः गाडी चालवत येऊ नका, कुणाला तरी सोबत आणा, गॉगल आणा. उपाशी येऊ नका हेही लिहा. डोळ्याच्या तपासणीला उपाशी यायचं असतं अशा समजुतीने इन्सुलिन घेऊन न जेवता आलेला माणूस रांगेत घामाघूम होतो. टेबलावर साखर किंवा ग्लुकोज पावडर असू द्या. ड्रॉप्स टाकलेल्यांना एक ओळ छापून द्या: आज संध्याकाळी डोळा लाल होऊन जोरात दुखला, उलटी झाली किंवा दिव्याभोवती वलयं दिसली, तर थांबू नका, लगेच नेत्र रुग्णालयात जा.

तळजाई

मधुमेह नसलेल्यांच्या पडद्यावर खुणा निघाल्या तर त्यांचा अर्थ काय, या प्रश्नावर लिहितो, कारण फिजिशियनकडे येणाऱ्या अशा चिठ्ठ्यांवर नुसतं ‘रेटिनल हॅमरेज, मत द्या’ एवढंच असतं.

पहिला विचार बीपीचा. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ साली जे आकडे दिले त्यात भारतातल्या प्रौढांत मधुमेह ११.४ टक्के, मधुमेहपूर्व अवस्था १५.३ टक्के आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आहे. मधुमेहाच्या तिप्पट. मधुमेह नसलेल्या ज्येष्ठांच्या पडद्यावरच्या ठिपक्यांशी ज्या गोष्टीचा संबंध सातत्याने दिसतो ती बीपीच. कापसासारखे डाग असतील तर संशय आणखी पक्का. म्हणून शिबिरात कॅमेऱ्याच्या आधी बीपीचं टेबल हवं. जिना चढून आलेल्याचं लगेच मोजू नका. ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, हात छातीच्या उंचीवर टेकवा, पट्टा बाहीवरून गुंडाळू नका. दोनदा मोजून सरासरी लिहा. वरचा आकडा १८० च्या पुढे किंवा खालचा १२० च्या पुढे टिकून असेल आणि डोकं दुखतंय, धूसर दिसतंय, छातीत दुखतंय असं सांगत असेल तर फोटोसाठी थांबवू नका, त्याच वेळी रुग्णालयात पाठवा. घरातली जिभेखालची गोळी देऊन बीपी झटक्यात खाली आणण्याचा प्रकार करू नका, मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो.

दुसरा विचार न सापडलेल्या मधुमेहाचा. टोचून काढलेली, कोणत्याही वेळची शुगर १४० च्या वर आली तर प्रयोगशाळेत उपाशीपोटीची, ग्लुकोजनंतर दोन तासांची आणि एचबीए१सी (गेल्या दोनतीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) करायला सांगा. मधुमेहाच्या रेषा अनुक्रमे १२६, २०० आणि ६.५ टक्के. ही टोचणी पोट सुटलेल्यांपुरती ठेवू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेली गोष्ट इथे थेट लागू पडते: दिसायला सडपातळ भारतीयाच्या अंगात त्याच वजन-उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा चरबीचं प्रमाण जास्त असतं. बारीक सभासदाला ‘तुम्हाला कशाला’ म्हणून सोडू नका. एचबीए१सी वाचताना हिमोग्लोबिनही बघा. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो, लाल पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी.

साखर आणि बीपी दोन्ही ठीक निघाले तर डागांची मांडणी वाट दाखवते. एकाच डोळ्यात, पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या अर्ध्यातच पंख्यासारखं पसरलेलं रक्त म्हणजे शिरेची फांदी तुंबली आहे. मॅक्युला सुजली असेल तर डोळ्यात इंजेक्शनं लागतात, आणि दुसरीकडे बीपी, चरबी, साखर तपासून घ्यायची. एकाच डोळ्यात, पडद्याच्या कडेच्या भागात मोठेमोठे ठिपके असतील तर मानेतल्या धमनीचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करा. तिथला अडथळा अर्धांगवायूही आणू शकतो. दोन्ही डोळ्यांत रक्ताच्या ठिपक्यांचा मध्य पांढरा असेल तर त्याच दिवशी रक्ताची पूर्ण तपासणी आणि स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी पाहणं), आणि ताप असेल तर हृदयाच्या झडपांच्या संसर्गाचा शोध. तीव्र रक्तक्षय, प्लेटलेट कमी होणं, रक्ताचा कर्करोग अशाच ठिपक्यांतून पहिल्यांदा लक्षात येऊ शकतात. तुमच्या संघात नसेल, पण घरातल्या तरुण मुलासाठी सांगून ठेवतो: विशी-तिशीतल्या मुलाच्या डोळ्यात अचानक काळे धागे पोहू लागून दृष्टी झाकोळली आणि शुगर नसली तर ईल्स आजाराचा विचार करतात. भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि क्षयाच्या जंतूंशी त्याचा संबंध जोडला जातो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची मांटू ही त्वचेवरची चाचणी होते.

एकदोन लाल ठिपके, बाकी सगळं स्वच्छ, बीपी आणि साखर ठीक? वर्षाने पुन्हा फोटो. एमआरआयपर्यंत जाऊ नका.

पर्वतीपायथा

बरंच स्पष्ट झालं. हिशेब पाहता सगळ्यांचे फोटो काढण्याचा विचार मी सोडून देतो. तीन शंका उरतात. ६० जागा कोणाला द्यायच्या? संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या चारपाच सभासद आहेत, त्यांनाही पडद्याची तपासणी सांगितली आहे, त्यांना यात घ्यायचं का? आणि काही जणांची शुगर गेल्या काही महिन्यांत नव्या इंजेक्शनांनी एकदम खाली आली आहे. ते म्हणतात आता आम्हाला धोका नाही.

पडदातज्ज्ञ

शेवटच्या शंकेपासून. शुगर खाली येणं पडद्याच्या हिताचंच आहे. टाइप १ वरच्या डीसीसीटी अभ्यासात (१९९३) कडक नियंत्रणाने नव्याने रेटिनोपथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. यूकेपीडीएस या ब्रिटिश अभ्यासात टाइप २ वर नुसत्या बीपी नियंत्रणाने रेटिनोपथी वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी घटला. पण वर्षानुवर्षं वाढलेली शुगर काही महिन्यांत झपाट्याने उतरली, आणि पडद्यावर आधीच रेटिनोपथी असली, तर सुरुवातीच्या काळात ती तात्पुरती वाढू शकते. या नव्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत रेटिनोपथीची गुंतागुंत ३ टक्के आणि औषध नसलेल्यांत १.८ टक्के दिसली, ती बहुतांशी आधीपासून रेटिनोपथी असलेल्यांत. तेव्हा हे सभासद तुमच्या यादीत पहिले. औषध मात्र कुणी मनाने बंद करायचं नाही.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवाल्यांना या कॅमेऱ्यापुढे बसवून उपयोग नाही. त्या औषधाची इजा साध्या फोटोत दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांना ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी लागते: सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात एकदा, आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ५ वर्षं थांबू नका. त्यांना नेत्र रुग्णालयाची चिठ्ठी द्या. ससूनमध्ये नेत्रविभाग आहे, आणि हडपसरकडे मोहम्मदवाडीला देसाई नेत्र रुग्णालय आहे. जवळ पडेल तिथे.

मुळाकाठ

६० जागांचा क्रम मी असा लावेन: वर्षभरात पडदा न दाखवलेले मधुमेही आधी, आणि त्यांतही १० वर्षांपुढचे, इन्सुलिनवाले, मूत्रपिंडाची तक्रार असलेले, नुकतीच शुगर झपाट्याने उतरलेले सर्वांत वर. मग नव्याने निदान झालेले. टाइप २ मध्ये निदानाच्या दिवशीच पडदा बघायचा असतो, कारण आजार आधीच काही वर्षं गुपचूप चालू असतो. यूकेपीडीएसमध्ये नव्या निदानाच्या तिघांत एकाहून जास्त लोकांच्या पडद्यावर खुणा होत्या. क्यूर्समध्ये चेन्नईत हेच प्रमाण ५.१ टक्के निघालं. आपल्याकडे कमी आहे, शून्य नाही. उरलेल्या मधुमेहींसाठी दुसरा रविवार मागून घ्या.

मधुमेह नसलेल्या २१० जणांना पहिल्या टेबलावर बीपी, टोचून शुगर आणि एकेका डोळ्याने नजरेचा तक्ता. त्यात जो अडकेल त्यालाच पुढची चिठ्ठी. सरसकट फोटोंना माझा विरोध एवढ्यासाठी की १६-१७ निरोगी माणसांना ‘पडद्यावर रक्त’ असा कागद हातात मिळेल, घरात घबराट होईल, आणि त्या वेळात दृष्टी जाण्याच्या बेतात असलेले तीनचार मधुमेही रांगेबाहेर राहतील.

तळजाई

याला एक अपवाद करा. बीपी अनेक वर्षं ताब्यात नसलेला, मधुमेह नसलेला सभासद असेल तर जागा उरल्यास त्याचा फोटो घ्या. त्याच्या पडद्यावर डाग दिसले तर डॉक्टर औषध वाढवायला चालढकल करत नाहीत.

बाहुली

चिठ्ठीचा मजकूर ठरवून ठेवा, नाहीतर वाचणारे डॉक्टर प्रत्येकाला ‘तज्ज्ञांना दाखवा’ लिहून मोकळे होतात आणि सभासदाला घाई किती ते कळत नाही. मुदती छापूनच घ्या आणि फक्त खूण करा. खुणा नाहीत: वर्षाने पुन्हा. एकदोन ठिपके: ६ ते १२ महिन्यांत. मध्यम: ३ ते ६ महिन्यांत रेटिनातज्ज्ञ. मॅक्युलाजवळ पिवळे डाग, किंवा तक्त्यावर ६/१२ पेक्षा कमी आणि बारीक छिद्रातून पाहूनही न सुधारणारं: २ ते ४ आठवड्यांत, ओसीटीसह. सूज साध्या फोटोत मोजता येत नाही, पिवळ्या डागांवरून फक्त अंदाज बांधता येतो. तीव्र पायरी किंवा नव्या रक्तवाहिन्या: याच आठवड्यात. फोटो वाचता आला नाही: महिन्याभरात, बाहुली मोठी करून.

आणि फोटो कसाही असो, एका डोळ्यापुढे अचानक पडदा आल्यासारखं वाटणं, विजा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणं, यांसाठी त्याच दिवशी जायचं. ४५ अंशांच्या फोटोत पडद्याची कड येतच नाही, फाटलेला पडदा तिथे लपून राहतो. हे ‘नॉर्मल’च्या चिठ्ठीवरही छापा.

चिठ्ठीच्या प्रती दोन. एक सभासदाकडे आणि एक संघाच्या फाइलला, मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर लिहून. ‘याच आठवड्यात’ असा शिक्का बसलेल्यांना बुधवारी फोन करून अपॉइंटमेंट मिळाली का ते विचारणारी एक व्यक्ती कार्यकारिणीतून आत्ताच नेमा.